किकॅड: घरच्या घरी व्होकोडरचे बोर्ड काढायला कितपत कामाचं?

आधी निकाल. किकॅड हे सर्किट आखायचं मोफत सॉफ्टवेअर व्होकोडरसाठी (वाद्याला बोलायला लावणाऱ्या यंत्रासाठी) उत्तम आहे, पण ते गृहीत धरतं की बोर्ड कारखान्यात बनणार. घरात फेरिक क्लोराईडच्या (नको असलेलं तांबं खाणाऱ्या द्रावणाच्या) ट्रेमध्ये बनवायचा असेल, तर त्याच्या बऱ्याच मूळ सेटिंग्ज बदलाव्या लागतात. त्या बदलल्या की तक्रारीला फारशी जागा उरत नाही. न बदलता कामाला लागलात तर पहिला बोर्ड कचऱ्यात जाणार हे धरून चाला.

ज्यां-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प २०१३ पासून सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या मदतीने वाढला. बोर्डाच्या आकारावर, पिनांच्या संख्येवर आपल्याला अडेल अशी मर्यादा नाही. इथे परीक्षण आवृत्ती ९ चं आहे. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आली आणि तिच्यात आपल्या कामाची एक खास सोय आहे. तिच्याकडे येऊच.

व्होकोडरची गंमत आणि डोकेदुखी एकच: तेच सर्किट पुन्हा पुन्हा. माइकवरचं बोलणं फिल्टरांच्या रांगेतून जातं, प्रत्येक पट्ट्यात किती जोर आहे ते मोजलं जातं, आणि तेवढ्याच जोराने सिंथेसायझरच्या आवाजाचा तोच पट्टा उघडला जातो. म्हणजे एका चॅनेलला बोलण्याच्या बाजूने दोन फिल्टर टप्पे, वाद्याच्या बाजूने दोन, रेक्टिफायरला (धन-ऋण सिग्नल एकाच दिशेचा करणारा भाग) दोन ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा चिपमधला घटक), गाळणीला (खळखळाट काढणारा फिल्टर) एक, करंट सोर्सला एक. आठ ऑप-अँप, म्हणजे बरोबर दोन टीएल०७४ (एका चिपमध्ये चार ऑप-अँप). शिवाय आवाज कमीजास्त करायला अर्धा एलएम१३७०० (करंटने आवाज कमीजास्त करणारी दुहेरी चिप). अकरा चॅनेल हवे असतील तर हे अकरा वेळा.

अशा सर्किटसाठी किकॅडमध्ये पोटपानं आहेत. चॅनेल एकदाच काढायचा आणि मुख्य पानावर त्याची चौकट हवी तितक्या वेळा ठेवायची. घटकांचे क्रमांक प्रत्येक प्रतीत आपोआप वेगळे पडतात. इथपर्यंत झकास. अडचण अशी की क्रमांक वेगळे पडतात, किमती नाही. पोटपानात कपॅसिटरला १० नॅनो लिहिलं की सगळ्या प्रतींत १० नॅनोच. व्होकोडरमध्ये नेमकं तेच प्रत्येक चॅनेलला बदलायला हवं असतं. बरेच जण इथे वैतागून अकरा स्वतंत्र पानं काढायला बसतात आणि सातव्या पानावर एक वायर चुकवतात.

त्याऐवजी सर्किटच असं आखा की चॅनेलगणिक फक्त कपॅसिटर बदलेल. एका ऑप-अँपचा मल्टिपल फीडबॅक बँडपास घ्या: इनपुटला ३० किलोओहम, जमिनीकडे (ग्राउंडला) ४.७ किलोओहम, फीडबॅकला ६२ किलोओहम आणि दोन सारखे कपॅसिटर. १० नॅनोफॅरड घातले की मध्य वारंवारता १००३ हर्ट्झ येते, क्यू (पट्टा किती अरुंद ते) १.९५ आणि गेन (सिग्नल किती पट होतो ते) एकच्या किंचित वर. तिन्ही रोध नेहमीच्या पाच टक्के मालिकेतल्या किमतींचे आहेत, पण घ्यायचे एक टक्कावाले. वारंवारता कपॅसिटरच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आणि कपॅसिटरच्या ज्या किमती सगळीकडे मिळतात, १०, १५, २२, ३३, ४७, ६८, त्यांच्यातलं अंतर जवळपास अर्ध्या सप्तकाचं आहे! म्हणजे ६८ नॅनोला १४७ हर्ट्झ, ४७ ला २१३, ३३ ला ३०४, २२ ला ४५६, १५ ला ६६८, १० ला १००३, ६.८ ला १४७५, ४.७ ला २१३३, ३.३ ला ३०३८, २.२ ला ४५५८ आणि १.५ ला ६६८५. बोलणं कळायला जो भाग लागतो तो जवळजवळ सगळा अकरा चॅनेलमध्ये बसला, आणि सगळ्या चॅनेलचे रोध तेच. या सगळ्या किमतींचे फिल्म कपॅसिटर ५ मिमी पायअंतरात मिळतात, त्यामुळे बोर्डही तोच. पोटपानात कपॅसिटरच्या किमतीच्या जागी नुसतं ‘सी’ लिहा आणि चॅनेलचं कोष्टक बोर्डाच्या एखाद्या मोकळ्या लेयरवर टाका.

हे आकडे कागदावर ठेवण्याआधी किकॅडमधल्या एनजीस्पाइस या सिम्युलेटरवर एसी विश्लेषण चालवून बघा. परीक्षणात सर्वात जास्त गुण या सोयीला. तसेच दोन टप्पे एकामागे एक जोडले की एकत्रित क्यू ३ च्या आसपास जातो. शेजारच्या चॅनेलच्या मध्यावर साधारण साडेदहा डेसिबल घट मिळते, एक सप्तक दूर साडेएकोणीस. पण आलेखात आणखी एक गोष्ट दिसते, जी बोर्ड बनवून झाल्यावर कळली तर फार जड जाते. दोन शेजारच्या चॅनेलच्या सीमेवर दोघांच्या आउटपुटमध्ये सुमारे १४९ अंशांचा फेज फरक पडतो. सरळ बेरीज केली तर ते एकमेकांना खातात आणि तिथे नऊ डेसिबलचा खड्डा पडतो. आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा. एकाआड एक चॅनेल उलटा केला की खड्ड्याच्या जागी पावणेदोन डेसिबलचा हलका उंचवटा येतो, जो कानाला जाणवतही नाही. उलटा करणं फुकट आहे: एलएम१३७०० च्या एका अर्ध्यात सिग्नल धन इनपुटला द्यायचा, दुसऱ्यात ऋण इनपुटला. एका बोर्डावर दोन चॅनेल ठेवले आणि क्रमाने लावले, की हे आपोआप जुळतं.

म्हणून सल्ला असा की सहा एकसारखे बोर्ड काढा, प्रत्येकी दोन चॅनेलचे, आणि एक साधा जोडबोर्ड. किकॅडला बारा चॅनेलचा एकच मोठा बोर्ड जड नाही, तुमच्या ट्रेला आहे. १०० बाय १६० मिमीच्या तुकड्यावर एका कोपऱ्यात टोनर (लेझर प्रिंटरची शाई, जी गरम करून तांब्यावर उतरवतात) नीट बसला नाही तर एकच तुकडा वाया जातो.

आता आवृत्ती ९ ची ती सोय. मल्टिचॅनेल साधन पोटपानाच्या प्रत्येक प्रतीसाठी बोर्डावर एक क्षेत्र आखतं. पहिल्या चॅनेलची मांडणी आणि ट्रॅक हाताने पूर्ण करा, मग तीच मांडणी दुसऱ्या क्षेत्रात जशीच्या तशी उतरवायला सांगा. आधी यासाठी वेगळं प्लगिन लागायचं. काम चोख होतं, पण एक खोच आहे. एलएम१३७०० ही एकच चिप दोन चॅनेल वाटून घेतात. तिचा अर्धा भाग पोटपानात ठेवलात तर क्रमांक देताना किकॅड दोन वेगळ्या चिप्स मोजतं आणि मग हाताने निस्तरत बसावं लागतं. त्यामुळे पोटपानात फक्त दोन टीएल०७४ आणि त्यांचा गोतावळा ठेवा, एलएम१३७०० मुख्य पानावर. टीएल०७४ चे पॉवरचे पाय हा चिन्हाचा पाचवा, वेगळा तुकडा असतो. तो पानावर ठेवायचा राहिला तर चिपला वीजच पोचत नाही. ईआरसी (सर्किटची तपासणी) त्याबद्दल इशारा देतं, पण पीडब्ल्यूआर फ्लॅग (इथून वीज येते असं सांगणारं चिन्ह) न लावल्यामुळे आलेल्या इतर तक्रारींच्या गर्दीत तो हरवतो. आधी फ्लॅग लावा, गर्दी कमी करा, मग उरलेलं वाचा.

करंट सोर्सबद्दल थोडं सविस्तर, कारण चुकीच्या नकाशांवरून केलेले बहुतेक घरगुती व्होकोडर इथेच गळतात. एलएम१३७०० चा नियंत्रण पाय, १ किंवा १६, ऋण पुरवठ्याच्या सव्वा व्होल्ट वर बसलेला असतो. म्हणजे वजा १२ व्होल्टवर चालवताना वजा पावणेअकराच्या आसपास. ऑप-अँपच्या आउटपुटमधून १०० किलोचा रोध थेट त्या पायाला जोडला, तर आउटपुट शून्यावर असतानाही सुमारे ०.१ मिलिअँप वाहतोच. चॅनेल कधी बंदच होत नाही. कुणी बोलत नसताना सिंथेसायझर मागे घरघरत राहतो. त्याऐवजी ऑप-अँपचा धन पाय जमिनीला द्या, ऋण पायाला पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर जोडा, बेस आउटपुटला आणि कलेक्टर नियंत्रण पायाला. मोजलेला जोर १० किलोमधून ऋण पायात सोडा. ५ व्होल्टला ०.५ मिलिअँप मिळतो, शून्याला शून्य. या पायाची कमाल मर्यादा २ मिलिअँप आहे, तीही इथे लांब राहते. वाद्याच्या बाजूचा सिग्नल ४७ किलो आणि ४७० ओहमच्या विभाजकातून शंभर पट कमी करा, म्हणजे चिपच्या इनपुटला १० मिलिव्होल्टच्या आसपास राहील. त्याच्या वर फार गेलात तर आवाज फाटतो. पाय ५ आणि १२ मधून करंट बाहेर पडतो, व्होल्टेज नाही. म्हणून सगळ्या चॅनेलचे हे पाय एकाच तारेवर आणून जोडबोर्डावरच्या एका ऑप-अँपच्या ऋण पायाला द्या, फीडबॅक १० किलो. अकरा बफर वाचले.

पीएनपी निवडताना किकॅडमधल्या चिन्हाच्या नावातली अक्षरं नीट बघा. बीसी५५७ चा सपाट चेहरा समोर धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०६ चे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा बसवला तर बोर्ड मेल्यासारखा वाटतो आणि दोष मात्र कुठे दिसत नाही.

गाळणीत १०० किलोचे दोन रोध आणि ४७ नॅनोचे दोन कपॅसिटर घालून साधा सॅलेन-की फिल्टर ठेवा, ३४ हर्ट्झचा. सर्वात खालच्या १४७ हर्ट्झच्या चॅनेलचा रेक्टिफाय झालेला खळखळाट २९५ हर्ट्झवर असतो आणि तो साधारण ३८ डेसिबलनी दबतो. एकाच टप्प्याची गाळणी ठेवली तर जाड आवाजाच्या माणसाचं बोलणं गुळण्या केल्यासारखं येतं.

आता किकॅडची खरी कमजोर बाजू, तयार फूटप्रिंट, म्हणजे घटकांच्या पायांचे बोर्डावरचे साचे. रोधाचा पॅड (पाय डागायचं तांब्याचं वर्तुळ) १.६ मिमी, भोक ०.८ मिमी. कारखान्यात भोकाच्या आत तांबं चढतं, तिथे हे पुरतं. घरच्या एकतर्फी बोर्डावर पॅड फक्त गोंदाच्या जोरावर चिकटलेला असतो, आणि हाताने ड्रिल मारताना भोक पाव मिमी सरकलं की एका बाजूचं कडं जेमतेम उरतं. रोध आणि कपॅसिटरचे पॅड २ मिमी करा. एका पॅडचे गुणधर्म बाकीच्यांवर ढकलायची आज्ञा आहे, तरी स्वतःची लहानशी लायब्ररी करून ठेवलेली बरी. चिप्ससाठी लांब पॅडवाला डीआयपी घ्या, २.४ बाय १.६ मिमीचा. दोन पॅडमध्ये ०.९४ मिमी उरतात. त्यातून ०.४ मिमीचा ट्रॅक काढला तर दोन्ही बाजूंना ०.२७ राहतात. फोटो पद्धतीत (प्रकाशाला संवेदनशील लेपावर पारदर्शिकेतून उजेड देऊन) हे निघतं. टोनर पद्धतीत निघेल किंवा नाही निघणार. टोनरवर काम करणार असाल तर चिपच्या पायांमधून ट्रॅक काढूच नका. ट्रान्झिस्टरला साधा टीओ-९२ नको, त्याचे पाय १.२७ मिमीवर येतात, रुंद, २.५४ मिमीचा घ्या.

नियमांत मूळ अंतर ०.२ मिमी असतं. ते ०.३ करा (फोटो पद्धतीत चिपच्या पायांमधून ट्रॅक काढणार असाल तर ०.२५), ट्रॅक ०.५, पुरवठ्याचा १ मिमी. ऑटोराउटर आत नाही, बाहेरचा फ्रीराउटिंग जोडता येतो, पण एकतर्फी बोर्डावर तो वायर-जंपरांचं जंगल उभं करतो. हातानेच करा. जंपरसाठी सोपी युक्ती: खालचा लेयर तांब्याचा, वरच्या लेयरवरचा प्रत्येक सरळ ट्रॅक म्हणजे एक तार, आणि व्हाया (दोन लेयर जोडणारं भोक) १.८ मिमीचा ०.८ च्या भोकासह. दोन तारा एकमेकींना छेदल्या तर डीआरसी (बोर्डाची नियम-तपासणी) ओरडतं. तार कपॅसिटरच्या पोटाखालून गेली तर मात्र गप्प बसतं. तेवढं डोळ्यांनी बघा.

मोकळ्या जागेत जमिनीचा तांब्याचा भराव टाका, अंतर ०.५ मिमी. द्रावण कमी लागतं, गुणगुण कमी होते. टोनर पद्धतीत मोठा सलग काळा भाग उतरताना त्याला खड्डे पडतात, म्हणून भरावाचा प्रकार जाळीदार निवडा. बोलण्याचा आणि नियंत्रणाचा ग्राउंड वेगवेगळ्या तारांनी जोडबोर्डावरच्या एकाच बिंदूपर्यंत न्या. जोडणीला सात तारा पुरतात: दोन पुरवठे, दोन ग्राउंड, बोलणं, वाद्य आणि बेरजेची तार. बेरजेच्या तारेच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड ठेवा, ती सगळ्यात हळवी.

छपाईत नवखा माणूस नेमका उलटं करतो. खालचा तांब्याचा लेयर किकॅडमध्ये वरून, आरपार दिसतो. टोनर असो की पारदर्शिका, शाईची बाजू तांब्यावर टेकते तेव्हा चित्र आपोआप उलटं होतं. म्हणून मिरर बंदच ठेवायचा. तांब्यावरचं अक्षर पडद्यावर उलटं दिसलं तर समजा बरोबर आहे. माप १:१, ड्रिलच्या खुणा ‘लहान’. तांब्यात उरणाऱ्या त्या बारीक छिद्रात ड्रिलचं टोक आपोआप बसतं, हा पर्याय ज्याने ठेवला त्याला सलाम. पीडीएफ वाचक पान ‘बसवायला’ जातो आणि तीन टक्क्यांनी आकसतो. १६० मिमीवर जवळपास ५ मिमी. कडेला १०० मिमीची रेघ काढा आणि छापल्यावर पट्टीने मोजा.

टोनर की फोटो? सहा एकसारखे बोर्ड काढायचे तर फोटो. एकच पारदर्शिका सहा वेळा चालते. तयार लेप असलेल्या पॉझिटिव्ह बोर्डाला आधी एका पट्टीवर तीस-तीस सेकंदांच्या पायऱ्यांनी उजेड देऊन वेळ ठरवा, कारण तो दिव्यावर आणि अंतरावर ठरतो. डेव्हलपरला लिटरमागे ७ ते १० ग्रॅम कॉस्टिक सोडा, पाणी खोलीच्या तापमानाचं. जास्त घातला तर न उजळलेला लेपही दहा सेकंदांत वाहून जातो. हातमोजे आणि चष्मा हवाच. फेरिक क्लोराईड ४० ते ५० अंशांवर, ट्रे हलवत ठेवायचा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं असतं.

भोकं चिप, रोध, कपॅसिटरला ०.८ मिमी, जोडणीच्या पिनांना १ मिमी. कार्बाइडचा बिट हातातल्या ड्रिलमध्ये तिरका झाला की तुटतो, स्टँड लागतो. काचतंतूची धूळ नाकात नको, मास्क घाला.

कपॅसिटर फिल्मचेच. एक्स७आर सिरॅमिकची किंमत व्होल्टेजप्रमाणे सरकते आणि टकटक केली की तो वाजतोही. एका चॅनेलला आठ, म्हणजे अकरा चॅनेलला ८८ कपॅसिटर, पाच टक्क्यांचे. मोजून जोड्या लावताना दोन्ही हुबेहूब सारखे शोधत बसू नका. वारंवारता दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते, तेव्हा तीन टक्के जास्तवाल्याला तीन टक्के कमीवाल्याशी जोडलं की झालं.

चिप्स न बसवता वीज द्या आणि सॉकेटवर मोजा. टीएल०७४ ला पाय ४ वर अधिक १२, पाय ११ वर वजा १२. एलएम१३७०० ला पाय ११ वर अधिक आणि ६ वर वजा. दोन्हींत ‘११’ आहे आणि चिन्हं उलटी आहेत. घाईत इथेच चिप्स जळतात. अकरा चॅनेलचे बावीस टीएल०७४ मिळून नुसत्या बसल्याबसल्या सुमारे १२३ मिलिअँप घेतात, तेव्हा पुरवठा दोन्ही बाजूंना ३०० मिलिअँपचा ठेवा. एलएम१३७०० च्या इनपुटला ऑफसेटसाठी ट्रिमर ठेवला असेल तर वाद्य बंद ठेवून माइकवर ‘प, प, प’ म्हणा आणि स्पीकरमधला धप्प आवाज सर्वात कमी होईल तिथे तो सोडा. ठेवला नसेल तर परत किकॅड उघडा.

सहा बोर्ड, अकरा चॅनेल. बाराव्या जागी काय? ‘स’ आणि ‘श’ सात हजार हर्ट्झच्या वरही पसरतात आणि तिथे बहुतेक सिंथेसायझरकडे उघडायला काही नसतंच. त्यामुळे ‘सशाची शेपटी’ ऐकताना ‘अआई एअई’ वाटतं. मांडणी करतानाच प्रत्येक बोर्डावर बोलण्याच्या तारेपासून बेरजेच्या तारेपर्यंत दोन घटकांची जागा ठेवा, आणि फक्त सहाव्या बोर्डावर तिथे १.५ नॅनो आणि १५ किलो मालिकेत लावा. सात हजारांच्या वरचं खरं बोलणं थेट मिश्रणात जातं. जास्त तिखट वाटलं तर १५ चे २२ किलो करा आणि कपॅसिटर १ नॅनोचा.